परदेश गाजवला म्हणजे काय केले?

आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी एक काळा फलक आहे. सकाळी आत येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर क्षणभर थांबतो. परीक्षेच्या अर्जांची मुदत, हरवलेली छत्री, रक्तदान शिबिर, क्वचित एखादे सुभाषित असे काय काय त्यावर असते. २०२४ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या फलकावर पिवळ्या आणि गुलाबी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले होते : 'अमेरिका गाजवून आलेल्या आपल्या गायिकेचा भव्य सत्कार. सर्वांनी अगत्याने उपस्थित राहावे.' अक्षर माझे होते. संगीत मंडळाची चिटणीस या नात्याने ते काम माझ्याकडे होते, आणि त्यातला 'गाजवून' हा शब्दही माझाच होता.

सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झाले, प्राचार्यांचे भाषण झाले, पाहुण्यांचे त्याहून मोठे झाले. मग निवेदकाने 'आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत आणि एक तरी अभंग म्हणावा' अशी विनंती केली. ती उठली, ध्वनिक्षेपकापाशी गेली, हात जोडले आणि परत येऊन बसली. सभागृहाला वाटले, बिचारीला भरून आले असेल. मागच्या रांगांतून टाळ्या झाल्या.

खरी गोष्ट अशी होती की तिला बोलण्याचीच मनाई होती. आदल्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तिच्या घशात दुर्बीण घालून पाहिले होते. स्वरतंतूंना सूज होती आणि एका बाजूला रक्त साकळले होते. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचेसुद्धा नाही, असे त्यांनी बजावले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुणे निघाले होते, म्हणून सत्कार पुढे ढकलता आला नाही. निदान आम्ही स्वतःची तशी समजूत घातली. मला हे सारे आदल्या रात्रीच कळले होते. निवेदकाला सांगण्याचे काम माझे होते. हार आणायच्या धांदलीत ते राहून गेले.

ते पंधरा दिवस ती वहीत लिहून बोलली. दोनशे पानी वही होती. आम्ही प्रश्न विचारायचे आणि तिने उत्तर लिहायचे. प्रश्न हवेत विरले, उत्तरे तेवढी वहीत राहिली. ती वही तिने मला वाचायला दिली आणि त्यावरून लिहिण्याची परवानगीही दिली. मात्र 'माझे नाव नको, आणि मला बिचारी करू नकोस' अशा दोन अटी घातल्या. त्या पाळून हा लेख लिहीत आहे. माझी तक्रार अमेरिकेविरुद्ध नाही आणि तिथल्या कोणा एका मंडळाविरुद्धही नाही. तक्रार आहे ती आपल्या सर्वांच्या मनात बसलेल्या एका समजुतीविरुद्ध. गायकाने परदेश दौरा केला की त्याच्या गाण्यावर शिक्का बसला, ही ती समजूत.

समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावे लागे, तो काळ फार जुना नाही. आज उलटे झाले आहे. ज्याने समुद्र ओलांडला नाही त्याच्याच गाण्यात काही उणे असावे, असे आपण धरून चालतो. कार्यक्रमपत्रिकेत गायकाचा परिचय वाचून पाहा. गुरूंचे नाव एका ओळीत आटोपते. 'देशविदेशांत कार्यक्रम' हे शब्द मात्र ठळक छापलेले असतात. त्याने तिकडे काय गायले, किती वेळ गायले, कोणासमोर गायले, हे कोणी विचारत नाही. किती शहरे केली, एवढेच विचारतो. वारीला गेलेल्या माणसाला आपण विठोबा भेटला का म्हणून विचारतो, मैल किती चाललास म्हणून नव्हे. गायकाला मात्र मैलच विचारतो.

पूर्वीचे लोकही गेलेच होते. बडोद्याचे इनायत खाँ १३ सप्टेंबर १९१० रोजी आप्तांसह मुंबईहून बोटीने निघाले आणि अमेरिकेपर्यंत पोचले. १९३० साली उदयशंकरांचे पथक पॅरिसला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर दहा वर्षांचे रविशंकर होते. विष्णु दिगंबरांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांनीही या पथकाच्या संगीताची बाजू सांभाळली. हिराबाई बडोदेकर १९५३ साली शिष्टमंडळातून चीनला गेल्या, द. वि. पलुस्कर १९५५ साली गेले. या साऱ्यांचा प्रवास सुखाचा होता असे मुळीच नाही. पण बोटीच्या प्रवासात एक गोष्ट आपोआप मिळे, ती म्हणजे वेळ. मुंबईहून विलायतेला पोचायला दोन-तीन आठवडे लागत. बोटीवरचे घड्याळ रोज थोडे थोडे मागे घेतले जाई आणि त्याबरोबर प्रवाशाची झोप, भूक, आवाज सारेच हळूहळू नव्या वेळेवर येत असे. सकाळी डेकवर बसून रियाज करायला कोणाची हरकत नसे. १९६० साली एअर इंडियाची जेट विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली आणि हा मधला काळच नाहीसा झाला. प्रवास सोपा झाला हे खरे. पण त्यातली विश्रांती कापली गेली, हे तिकिटावर कुठे लिहिलेले नसते.

आमच्या मैत्रिणीचा प्रवास असा झाला. गावाहून रात्रभर बसने मुंबई. दुसऱ्या रात्री विमानतळ. तिकीट स्वस्त पडते म्हणून मध्ये आखाती देशात एक थांबा; तिथे पाच तास बाकावर. मग चौदा तासांचे सलग उड्डाण. वहीत तिने लिहिले आहे, 'घरातून निघाल्यापासून तिथे अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत दोन रात्री बसूनच काढल्या. पाय सुजले ते दिसले. घसा सुजत होता तो दिसला नाही.'

विमानात घशाचे काय होते हे आम्हांला तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून जाते, पण आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका राखलेला असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी आपण पंधरा तास बसलेले असतो. आतली हवा अत्यंत कोरडी; आर्द्रता बहुधा दहा ते वीस टक्के. स्वरतंतूंवर ओलाव्याचा एक पातळ थर असतो, तो अशा हवेत सुकतो. पाणी प्यायले की घसा भिजतो असे आपल्याला वाटते. पण घोट अन्ननलिकेतून जातो, स्वरतंतूंना तो लागतसुद्धा नाही. प्यालेले पाणी अंगात मुरून मग तिथे पोचते, त्याला वेळ लागतो. त्यात इंजिनांची घरघर. ती ऐंशी डेसिबलच्या आसपास असते आणि तिच्यावर आवाज चढवल्याशिवाय शेजारच्याशी बोलता येत नाही. आपण ओरडत आहोत हे आपल्या ध्यानातही येत नाही. आमची मैत्रीण आणि तिचे तबलजी चौदा तासांतले निम्मे तास कार्यक्रमाची यादी ठरवीत बोलत बसले होते.

आता या स्वरतंतूंचे काम काय असते ते पाहा. ती काळी चारमध्ये गाते. मध्य षड्ज लावला की तिचे स्वरतंतू सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा एकमेकांवर येतात. तार षड्जावर ते चारशेहून अधिक. दोन तासांच्या मैफलीत हा हिशेब लाखांत जातो. कोरड्या, न झोपलेल्या घशाने हे लाख फटके खायचे. धावपटूला रात्रभर बसने आणून सकाळी मॅरेथॉनला उभे केले तर आपण प्रशिक्षकाला दोष देऊ. गायकाच्या बाबतीत मात्र 'कलावंताला रंगमंच दिसला की शीण जातो' असे म्हणून मोकळे होतो.

पण मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते घड्याळाने. ती गुरुवारी दुपारी उतरली आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला पहिला कार्यक्रम होता. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे तिच्या अंगातले पहाटेचे साडेचार. यमन गायला बसली तेव्हा सभागृहाबाहेर लख्ख ऊन होते आणि शरीर ललताच्या वेळेला होते. वहीतले हे पान मी पुन्हा पुन्हा वाचले : 'तीव्र मध्यम लावला आणि क्षणभर शुद्ध मध्यम शेजारी ऐकू आला. लागला नाही, पण दिसला. मी घाबरले.' ज्यांना थोडेफार गाणे कळते त्यांना यातले भय समजेल. ललतात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. वर्षानुवर्षे पहाटे उठून ताईंनी तिच्याकडून जो राग घोटून घेतला होता, तो त्या वेळेला आपणहून दाराशी येऊन उभा राहिला होता.

रागांचे समयचक्र खरे की केवळ संकेत, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. भातखंड्यांनी त्याची शास्त्रीय मांडणी करण्याचा प्रयत्न केला. कर्नाटक पद्धतीत वेळेचे बंधन इतके कडक मानत नाहीत. मी त्या वादात शिरत नाही. पण माणसाच्या शरीरात घड्याळ आहे याबद्दल आता वाद उरलेला नाही. त्या घड्याळाची यंत्रणा पेशीत कशी चालते हे शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ दिवसाला साधारण एक-दीड तास सरकते. पश्चिमेकडे जाताना त्यातल्या त्यात लवकर, पूर्वेकडे परतताना उशिरा. म्हणजे साडेनऊ तासांचे अंतर भरून निघायला एक आठवडा तरी हवा, परतल्यावर त्याहून अधिक. आमच्या पाहुणीला पहिल्या कार्यक्रमापूर्वी सव्वा दिवस मिळाला. आणि परत आल्यावर? सहाव्या दिवशी आम्ही सत्कार ठेवला होता.

हे असे का होते? कोणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. तिथल्या मराठी मंडळींचा आठवडा सोमवार ते शुक्रवार नोकरीचा. कार्यक्रम व्हायचे ते शुक्रवारी रात्री, शनिवारी आणि रविवारी. शाळांची सभागृहे त्याच दिवशी मिळतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर म्हणजे गणेशोत्सवाची धामधूम. प्रत्येक गावच्या मंडळाला तेच शनिवार-रविवार हवे असतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. या मंडळांत काम करणारी माणसे दिवसभराची नोकरी सांभाळून, पदरमोड करून हे सारे चालवतात. कलावंताचा व्हिसा काढणे हेच एक दिव्य आहे. पर्यटनाच्या व्हिसावर मानधन घेऊन गाणे बेकायदा. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फी. ही फी १ एप्रिल २०२४ पासून ४६० डॉलरवरून मोठ्या संस्थांना १,०१५ आणि लहान संस्थांना ५१० डॉलर झाली, शिवाय वरचे इतर खर्च वेगळे. विमानभाडे तीन माणसांचे. एवढा खर्च एका कार्यक्रमातून निघत नाही. तो दहा-बारा गावांत वाटावा लागतो. म्हणून शुक्रवारी पूर्व किनारा, शनिवारी मध्यभाग, रविवारी पश्चिम किनारा असे वेळापत्रक जन्माला येते. त्यात पुन्हा एक तास, तीन तास घड्याळ मागे. सहा आठवड्यांत तिचे अकरा कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळाने एकच मागितला होता. अकरांची बेरीज मात्र कोणीच केली नाही.

मग मधले दिवस तरी विश्रांतीचे असतील? तर तसेही नाही. कलावंत सभासदांच्या घरी उतरतात. या घरांतल्या मायेबद्दल वहीत पानेच्या पाने आहेत. कोणी पहाटे उठून तिच्यासाठी गरम पाणी ठेवले, कोणी थालीपीठ लावले, कोणी स्वतःची खोली देऊन बैठकीत झोपले. पण नवे घर म्हणजे नव्या ओळखी, नवे बोलणे. जेवायला शेजारी, शेजाऱ्यांचे मित्र. जेवण झाले की 'ताई, दोन ओळी तरी'. तबलजीला कोणी हाताने टेबलावर ठेका धरून दाखव म्हणत नाही, पण गायिकेचे वाद्य गळ्यातच असते, ते बाहेर काढायला कष्ट पडत नाहीत, अशी लोकांची कल्पना. मानधनाचे कार्यक्रम अकरा. त्याशिवाय दोन-दोन ओळींचे किती झाले याचा हिशेब तिने मांडायचा प्रयत्न केला आणि सव्विसाव्याला सोडून दिला.

नवव्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात तिचा तार षड्ज फुटला. तिने एक सूर खाली उतरून पुढचे दोन तास निभावले. संयोजकांनी विचारले, 'उरलेले दोन रद्द करू या का?' त्यांनी खरोखर विचारले, हे मी मुद्दाम नमूद करते. 'नको' असे तीच म्हणाली. का, तेही तिने लिहिले आहे : 'गावाकडे काय सांगणार? नऊच झाले म्हणून?'

हे वाक्य वाचून मी वही मिटली. कारण गाव म्हणजे आम्हीच. तो अकराचा आकडा आम्हीच फलकावर लिहिणार होतो.

इथे कोणी म्हणेल, एवढे असेल तर तरुण गायकांनी जाऊच नये. मला तसे म्हणायचे नाही, आणि तिला तर मुळीच नाही. पहिली गोष्ट पैशाची. एकवीस वर्षांच्या मुलीला इथे शास्त्रीय गाण्याचे मानधन कितीसे मिळते? पुष्कळदा नारळ आणि पाकीट, आणि त्या पाकिटातून तबलजीचे गाडीभाडे. या दौऱ्याच्या पैशातून तिने पुढच्या शिक्षणाची तरतूद केली आणि मिरजेला एक तानपुरा सांगितला. दुसरी गोष्ट अनुभवाची. वहीतली सर्वांत आनंदाची पाने कोणत्याही सभागृहातली नाहीत. एक पान आहे एका बुधवारचे. त्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा, तिथेच जन्मलेला, मराठी अडखळत बोलणारा. त्याने विचारले, 'सगळे एकदम कुठे पोचतात ते तुम्हांला कसे कळते?' त्याला सम म्हणायचे होते. तीन दिवस ती त्याच्याबरोबर हाताने टाळी-खाली देत बसली. शनिवारी तो प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसून बरोबर समेला मान हलवत होता. दुसरे पान तिसऱ्या आठवड्यातल्या एका बैठकीचे. एक कार्यक्रम सभागृह न मिळाल्याने रद्द झाला, म्हणून कोणाच्या तरी दिवाणखान्यात बावीस माणसे जमली. ध्वनिक्षेपक नाही. पाच दिवस एकाच गावी राहिल्यामुळे झोप लागू लागली होती. रात्री दहाला तिने बागेश्री घेतला आणि सव्वा तास तोच गायली. सभागृहांत वीस मिनिटे ख्याल, मग नाट्यगीत, भावगीत, अभंग आणि शेवटी फर्माइशींच्या चिठ्ठ्या असा शिरस्ता. इथे चिठ्ठी आली नाही. एका आजीबाईंनी नंतर येऊन तिचा हात हातात धरला, त्या काही बोलल्या नाहीत. दौऱ्यात गाणे झाले ते त्या एका रात्री, असे ती म्हणते. ज्या दिवशी वेळापत्रक मोडले त्याच दिवशी.

यावरून मला जे वाटते ते सांगते. गाणे ऐकवायला माणूस हजारो मैल नेता येतो, पण नेल्यावर त्याला पोचू द्यावे लागते. शरीर विमानाबरोबर उतरते; आवाज आठवड्याने उतरतो. तेव्हा दौरा ठरवताना पहिले चार-पाच दिवस कोरे ठेवावेत. एका आठवड्यात दोनांहून अधिक कार्यक्रम नसावेत आणि ते घड्याळाच्या एकाच पट्ट्यात असावेत. आधी पूर्वेकडची गावे एका महिन्यात, मग पश्चिमेकडची. एकूण संख्या अकरांऐवजी सात होईल. खर्चाचा मेळ बसत नसेल तर तिकीट थोडे वाढवावे किंवा दिवाणखान्यातल्या बैठका कराव्यात. त्यांना सभागृहाचे भाडे पडत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी गायकाला घरात न बोलण्याची मोकळीक असावी, आणि ते उद्धटपणाचे मानू नये. हे सारे लेखी असावे. आपल्याकडे लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे समजतात. पण लेखी नसले की 'नाही' म्हणण्याचे ओझे त्या एकवीस वर्षांच्या मुलीवर पडते, आणि यजमानीण आईच्या वयाची असताना तिला ते म्हणवत नाही.

गुरूंचाही यात वाटा आहे. ताईंनी तिला चिजा दिल्या, आवाज दिला, पण प्रवासाबद्दल काही सांगितले नाही. कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. जुन्या गायकांचे प्रवासाचे हाल आपण किस्से म्हणून सांगतो. मिरजेचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली पाँडिचेरीकडे जाताना गाडीत आजारी पडले, वाटेतल्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच त्यांचे निधन झाले. ही गोष्ट आपण त्यांच्या थोरवीची म्हणून ऐकतो. ती प्रवासाचीही गोष्ट आहे, हे कोणी सांगत नाही. तानपुरा कसा बांधून न्यायचा हे आम्ही शिकतो. विमानाच्या मालखान्यात भोपळ्याला तडा जातो, कोरड्या हवेत जवारी बिघडते, म्हणून हल्ली बहुतेक जण तानपुरा नेतच नाहीत. १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला, आता तर तो फोनमध्येच असतो. वाद्य नाजूक आहे हे आपल्याला पटले, म्हणून आपण त्याची सोय केली. गळा नाजूक आहे हे अजून पटायचे आहे.

त्या पंधरा दिवसांत तिला भेटायला येणारा प्रत्येक जण कुमार गंधर्वांचा दाखला देई. त्यांनाही क्षयामुळे काही वर्षे गाता आले नव्हते, मग ते कसे नव्या तेजाने गायले, असे सांगून लोक तिला धीर देत. तिने एकदा वैतागून वहीत लिहिले, 'कुमारजींना क्षय झाला होता. मला शनिवार-रविवार झाला.' आम्ही हसलो. तिला हसायलाही मनाई होती. पण ते विनोदाने लिहिलेले वाक्य खरे आहे. तिचे दुखणे दैवाने आलेले नव्हते, ते वेळापत्रकातून आलेले होते. दैवाला उपाय नसतो, वेळापत्रकाला असतो.

आता तिच्याविषयी. पंधरा दिवसांनंतर दिवसाला दहा मिनिटे बोलण्याची मुभा मिळाली. डिसेंबरात खर्जाचा रियाज सुरू झाला, तोही घड्याळ लावून. जानेवारीत मिरजेहून तानपुरा तयार असल्याचा निरोप आला तेव्हा मी तिच्याबरोबर गेले होते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा कागद दुकानात चौकट करून लावला होता. कारागिरांनी जवारी लावून दाखवली. त्यांनी विचारले, 'गाऊन बघता का?' ती 'आज नको' म्हणाली आणि अर्धा तास नुसती तारा छेडत बसली. त्यांनीही आग्रह केला नाही. आम्ही संध्याकाळच्या एस.टी.ने परत आलो. तानपुरा दोघींच्या मांड्यांवर आडवा होता आणि खड्डा आला की आम्ही दोघी एकदम तो उचलून धरत होतो.

तिला पुन्हा परदेशी जायचे आहे. या वेळी सात कार्यक्रम, असे तिने कळवले आहे. एका मंडळाचे 'जरूर, तुमच्या सोयीने' असे उत्तर आले. दुसऱ्याचे अजून आलेले नाही.

माझी चिटणीसपदाची मुदत या वर्षी संपत आहे. पुढे जो कोणी चिटणीस होईल त्याला एक विनंती करून हा लेख संपवते. ती पुन्हा जाऊन आली की लगेच फलकाकडे धावू नये. तीन आठवडे थांबावे. मग तिला विचारावे, काय गायलीस, कुठला राग जमला, कुठला अडला. आणि ती 'हो' म्हणाली तर फलकावर एवढेच लिहावे की अमुक दिवशी सायंकाळी तिचे गाणे आहे. शाल आणि श्रीफळ नसले तरी चालेल. ध्वनिक्षेपकही नसला तरी चालेल.